देणं आधी, दान नंतर : शहाडवरून दिसणारा 'सीएसआर'

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलचं पहिलं स्टेशन शहाड. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ज्या लष्करी कॅम्पात ठेवलं होतं, त्या कल्याण कॅम्पाचं नाव १९४९मध्ये उल्हासनगर झालं. त्यानंतर काही वर्षांतच शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. मालकी बिर्लांच्या सेंच्युरी टेक्सटाइल्सची. ही कंपनी मूळची १८९७ची, मुंबईच्या कापड गिरणीतून वाढलेली. शहाडला कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली, रुग्णालय आलं आणि विठ्ठलाचं देऊळही आलं. ते 'बिर्ला मंदिर' म्हणून पंचक्रोशीत ओळखलं जातं. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही असे हजारो लोक आषाढी एकादशीला इथे रांग लावतात.

त्या काळी 'सीएसआर' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. 'कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी' हे त्याचं मराठी नावही नव्हतं. मालकाने शाळा काढली, दवाखाना काढला, देऊळ बांधलं की लोक त्याला धर्म म्हणायचे, पुण्य म्हणायचे. आज त्याच गोष्टींचा कायदा झाला आहे, रकाने झाले आहेत, दिल्लीत त्याची बेरीज होते. ती बेरीज दरवर्षी वाढते आणि देशाची कामगिरी सुधारल्याचं सांगितलं जातं.

ही बेरीज शहाडच्या फलाटावर उभं राहून तपासली तर काय दिसतं, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या राष्ट्रीय हिशेबात 'दान' लिहायला रकाना आहे, 'देणं' लिहायला नाही. तो का नाही, याला एक इतिहास आहे. आणि त्या इतिहासात मुसलमान वाचकाला चांगलं ओळखीचं असलेलं एक नाव येतं.

धाग्यामागचा वायू

आधी रेयॉन म्हणजे काय ते पाहू. लाकडाच्या लगद्यात कॉस्टिक सोडा घालतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड या रसायनाची क्रिया करतात. त्यातून मधासारखा दाट, पिवळसर द्रव तयार होतो. त्याला व्हिस्कोस म्हणतात. बारीक छिद्रांच्या चकतीतून हा द्रव गंधकाम्लाच्या टाकीत सोडला की त्याचा धागा होतो. इंग्लंडमध्ये १८९२ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं. रेशमासारखी चमक आणि रेशमापेक्षा कितीतरी कमी किंमत, म्हणून ती जगभर पसरली.

धागा होताना कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू सुटतात. कार्बन डायसल्फाइडचा धोका रेयॉनच्या जन्माआधीच माहीत झाला होता. रबराच्या कारखान्यांत तो वापरला जायचा, आणि तिथल्या कामगारांना होणारे आजार पॅरिसच्या ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरांनी १८५६मध्येच नोंदवले होते : डोकेदुखी, झोप उडणं, भ्रम, हातापायांतली शक्ती जाणं. पुढे नसा, हृदय आणि डोळ्यांवर होणारे परिणामही सिद्ध झाले. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९३०च्या दशकात रेयॉन कामगारांच्या पाहणीसाठी झगडा केला. म्हणजे शहाडला पहिला धागा निघाला तेव्हा हे ज्ञान शंभर वर्षं जुनं होतं. वायू पकडून पुन्हा वापरता येतो, हवा खेळती ठेवता येते, कामगाराची तपासणी करता येते. हे सगळं खर्चाचं काम आहे, आणि तो खर्च कोण करतो यावर कामगाराचं आयुष्य ठरतं.

दक्षिण कोरियातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. जपानच्या तोरे कंपनीची जुनी रेयॉन यंत्रं १९६०च्या दशकात कोरियात आली आणि वॉनजिन रेयॉन हा कारखाना सुरू झाला. १९८०च्या दशकात तिथले कामगार आजारी पडू लागले, काही अपंग झाले, काही मेले. कामगार आणि त्यांच्या विधवा रस्त्यावर उतरल्या, मृतदेह घेऊन निदर्शनं झाली. १९९३मध्ये कारखाना बंद झाला. यंत्रं मात्र मोडीत निघाली नाहीत, ती चीनला विकली गेली. विष एका देशातून दुसऱ्या देशात, आणि दरवेळी जिथे मजूर जास्त गरीब तिथे गेलं.

या लढ्यातून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून कामगारांनी आपलं रुग्णालय उभारलं. आज ते व्यावसायिक आजारांसाठी ओळखलं जातं. शहाडलाही रुग्णालय आहे, कोरियातही आहे. दोन्हींत रोगी बरे होतात. पण एक मालकाने दिलेलं आहे, दुसरं कामगारांनी वसूल केलेलं. पहिल्यावर मालकाच्या संस्थेचं नाव असतं, दुसऱ्यामागे मालकावरचं कर्ज असतं. देशपातळीवर सामाजिक जबाबदारी मोजताना हा फरक टिपता आला नाही, तर मोजणी अर्धवट राहते.

उपकार की हक : जुना वाद

हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. जमशेटजी टाटांनी १८७७मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. कुणी कायदा केला नव्हता, कुणी मागितलं नव्हतं. भारतातल्या उद्योगांच्या उदारतेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात.

त्याच दशकात मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची सभा भरवत होते. १८८४च्या त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागणी होती आठवड्याला एक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली. आज आपण रविवारी घरी बसतो ते लोखंड्यांमुळे.

जमशेटजींचा फंड आणि लोखंड्यांचा रविवार या दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण पहिली मालकाच्या मनावर अवलंबून होती, दुसरी नव्हती. फंड काढणारा मालक भेटला तर नशीब. रविवार मात्र सगळ्यांचा झाला.

सच्चर, पण १९७८चे

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर म्हटलं की आपल्याला २००६चा अहवाल आठवतो. मुसलमानांच्या लांगूलचालनाच्या गप्पा देशभर चालू असताना त्या अहवालाने शांतपणे आकडे मांडले. पण त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी याच सच्चरांनी आणखी एक अहवाल दिला होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

जनता सरकारने १९७७मध्ये कंपनी कायदा आणि मक्तेदारीविरोधी कायदा यांचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष सच्चर. १९७८च्या त्या अहवालात कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. कंपनी फक्त भागधारकांची नसते, कामगार, ग्राहक, आसपासचा समाज यांनाही ती बांधील असते, ही त्यामागची भूमिका. समितीची सूचना अशी की कंपनीने आपल्या वार्षिक अहवालाबरोबर एक 'सामाजिक अहवाल' द्यावा आणि त्यात आपण समाजासाठी काय केलं ते शक्य तितकं स्पष्ट आणि आकड्यांत सांगावं. या सूचनेचा भर पैसे देण्यावर नव्हता, हिशेब देण्यावर होता.

लगोलग एका कंपनीने तसा प्रयोगही केला. टाटा स्टीलने १९७०मध्येच आपल्या नियमावलीत कामगार, ग्राहक, समाज आणि स्थानिक जनतेविषयीची जबाबदारी लिहून घेतली होती. १९७९मध्ये तिने स्वतःचं सामाजिक लेखापरीक्षण करायला बाहेरची समिती बोलावली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, राजकीय विचारवंत रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळंकर असे तिघे. कंपनीच्या पगारावर नसलेली, सार्वजनिक आयुष्यात वजन असलेली माणसं कंपनीचं समाजाशी वागणं तपासतात, ही कल्पना आजही धाडसी वाटेल.

पण सच्चरांची सूचना कायद्यात उतरली नाही. टाटा स्टीलचा प्रयोग इतरांनी उचलला नाही. तीस-पस्तीस वर्षांनी कायदा आला तेव्हा त्याने वेगळीच वाट धरली.

दोन टक्क्यांचा कायदा

२००९मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४पासून ते लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १ हजार कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कोणत्या कामावर, त्याची यादी सातव्या परिशिष्टात. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा, खेळ वगैरे. असा दंडक घालणारा भारत हा जगातल्या पहिल्या काही देशांपैकी एक.

कायद्यामुळे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१४-१५मध्ये देशभरात सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले, २०२२-२३मध्ये जवळपास ३० हजार कोटी. २०२१पासून नियम कडक झाले. न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते, नाहीतर दंड. ज्यांचं बंधन सरासरी १० कोटी वा अधिक आहे, त्यांनी १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. सरकारी पोर्टलवर कंपनीनिहाय, राज्यनिहाय आकडे कुणालाही पाहता येतात. २०१९पासून राष्ट्रीय पुरस्कारही दिले जातात. या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळा-दवाखान्यांत आपलीही मुलं-माणसं जातात.

अडचण मोजमापाची आहे. देशाची कामगिरी म्हणून जो आकडा पुढे केला जातो तो खर्चाचा असतो. किती कोटी गेले हे कळतं, त्याने कुणाचं काय बदललं हे क्वचितच कळतं. आणि पैसा कुठे जातो? राज्यांमध्ये महाराष्ट्र वर्षानुवर्षं पहिला. कारण सोपं आहे, कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत, कारखाने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. पण याच महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे केंद्राच्या 'आकांक्षित' म्हणजे मागास जिल्ह्यांच्या यादीत आहेत, आणि देशातल्या अशा जिल्ह्यांच्या वाट्याला या निधीचा फार छोटा भाग येतो. राज्य पहिलं आल्याने नंदुरबारच्या पाड्याला काहीच मिळत नाही.

कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं वाक्य आहे. पण ते सक्तीचं नसून दिशादर्शक आहे, असा खुलासा सरकारनेच केला. कोरोनाच्या वेळी तर गंमतच झाली. पंतप्रधानांच्या 'पीएम केअर्स'ला दिलेले पैसे सीएसआर धरले जातील, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले धरले जाणार नाहीत, असा निर्णय आला. कारखाना शहाडचा, आजारी माणूस शहाडचा, पण पुण्य दिल्लीच्या खात्यावर.

आता काय मोजलं जात नाही ते बघा. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम सीएसआर नाही. दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआर नाही. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं कामही सीएसआर नाही. हे तिन्ही नियम आपापल्या जागी योग्यच आहेत. पगार देऊन कुणी दानशूर म्हणवून घेऊ नये. पण याचा एकत्रित परिणाम असा की कंपनी समाजाचं सर्वांत मोठं भलं किंवा बुरं जिथे करते, तो सगळा भाग या हिशेबाबाहेर राहतो.

भल्याचं उदाहरण घ्या. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५मध्ये मुंबईत सिप्ला काढली. २००१मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस साडेतीनशे डॉलरला देऊ केला. तोवर पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. आफ्रिकेतल्या लाखो रोग्यांना पुढे जे आयुष्य मिळालं, त्यात या एका निर्णयाचा वाटा मोठा. आजच्या व्याख्येत मात्र तो 'नेहमीचा धंदा'. सीएसआरच्या रकान्यात त्याची किंमत शून्य.

पुढचं स्टेशन

बुऱ्याचं उदाहरण शोधायला शहाडहून एकच स्टेशन पुढे जायचं. आंबिवली. तिथल्या मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे एनआरसी. एकेकाळी या पट्ट्यातली मानाची नोकरी. वसाहत होती, शाळा होती, मुलीचं स्थळ बघताना 'मुलगा एनआरसीत आहे' एवढं पुरायचं. २००९च्या अखेरीस कंपनीला टाळं लागलं. हजारो कामगारांची देणी अडकली. पगार, ग्रॅच्युइटी, निवृत्तीचे पैसे. मोर्चे झाले, कोर्ट झालं, कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, जमीन नव्या मालकाकडे गेली. वसुलीची वाट पाहता पाहता कित्येक कामगार जग सोडून गेले.

दिवाळखोरीच्या कायद्यातली एक तरतूद इथे लक्षात घ्या. कंपनी मोडीत काढताना कामगारांची देणी वरच्या रांगेत असतात खरी, पण आधीच्या २४ महिन्यांपुरती. कामगार टाळ्यापुढे दहा वर्षं बसला असेल तर त्याच्या हिशेबाचं काय होतं, ते सांगायला नको.

आता राष्ट्रीय सीएसआरच्या तक्त्यात एनआरसी कुठे दिसते? कुठेच नाही. नफा नाही, म्हणून दोन टक्के नाहीत, म्हणून नोंद नाही. जिथे समाजाचं सर्वांत जास्त देणं थकलं, ती जागा नकाशावर कोरी. शेजारी चालू असलेल्या कारखान्याचंही तसंच. सेंच्युरीचा रेयॉन धागा व्यवसाय २०१८पासून आदित्य बिर्ला समूहाची ग्रासिम चालवते. २३ सप्टेंबर २०२३ला शहाडच्या कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. कारण काय, जबाबदार कोण, हे चौकशीचं काम. माझा प्रश्न साधा आहे : त्या वर्षीच्या देशाच्या सीएसआर तक्त्यात या घटनेसाठी एखादी ओळ आहे का? नाही. तक्ता तसा बनवलेलाच नाही.

आणि कल्याणपासून जवळच भिवंडी. रेयॉनसह नाना प्रकारचं सूत इथल्या यंत्रमागांवर विणलं जातं. मागांवर उभे असणाऱ्यांत मोठा भाग उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या मोमीन-अन्सारी कामगारांचा. बारा-बारा तासांची पाळी, मागांचा कानठळ्या बसवणारा आवाज, छातीत जाणारा सुताचा भुसा. पण कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधले काही माग. कुणाचाच नफा ५ कोटींच्या आसपासही नाही. त्यांचं कापड ज्या मोठ्या नावांखाली विकलं जातं, त्या कंपन्या कायद्यात बसतात. माग बसत नाही. मुसलमान कामगार ज्या उद्योगांत सर्वांत जास्त आहे, तिथे सीएसआरचा कायदा पोहोचतच नाही.

जकातीचं गणित

आपल्याला हा कायदा वाचताना ओळखीचं काही सापडतं. जकातीलाही किमान मर्यादा आहे : साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. तिलाही दर आहे, अडीच टक्के. खर्चाचे आठ मार्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत, जणू सातवं परिशिष्टच. स्वतःच्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे वेगळं कर्तव्य आहे. कायद्याने स्वतःच्या कामगारांचा खर्च वगळला, तेच तत्त्व. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मुआज बिन जबल यांना येमेनला पाठवलं तेव्हाची शिकवणही प्रसिद्ध आहे : तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायचं आणि तिथल्याच गरिबांना द्यायचं. म्हणजे स्थानिक प्राधान्य.

पण एका जागी दोन्हींची वाट वेगळी होते. हनफी फिकहनुसार जकात काढण्याआधी माणसाने आपल्या डोक्यावरचं कर्ज वजा करायचं असतं. लोकांचं देणं आधी, सत्कर्म मागून. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सांगितली जाते. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, ज्याने बुडवले त्याचा हिशेब नमाज-रोजाने मिटत नाही, अशीच आपली श्रद्धा आहे. मजुराचे पैसे थकवून मशिदीला झुंबर देणाऱ्या शेटजीला आपण काय म्हणतो, ते इथे लिहायची गरज नाही. तो न्याय कंपनीला लावायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि खरं सांगायचं तर तो भिवंडी-मालेगावच्या आपल्याच मागमालकांनाही लावायला हवा. रमजानमध्ये जकातीची पाकिटं वाटणाऱ्याने कामगाराच्या विम्याचा आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेबही दाखवावा.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या खिलाफतीतली एक रिवायत आहे. उत्तर आफ्रिकेत जकात गोळा करायला गेलेल्या अधिकाऱ्याला ती घेणारा गरीबच सापडेना, मग त्या पैशातून गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त केलं गेलं. रिवायतीचा तपशील इतिहासकारांनी तपासावा. मला महत्त्वाचं वाटतं ते तिच्यातलं मोजमाप. कामगिरी चांगली कशावरून? किती गोळा झालं यावरून नाही. घेणारा उरला नाही, यावरून.

पत्रक कसं असावं

२००६च्या सच्चर अहवालाने नेमकं हेच केलं होतं. सरकारने मुसलमानांसाठी किती योजना काढल्या, हे त्याने मोजलं नाही. मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के, असं त्याने २००१च्या जनगणनेवरून दाखवलं. बँकेचं कर्ज किती मिळतं, सरकारी नोकरीत किती दिसतात, शाळा किती सुटते, हे मांडलं. माणसांची अवस्था मोजली. त्याच अहवालाने राष्ट्रीय माहिती कोशाची आणि 'विविधता निर्देशांका'ची शिफारस केली. संस्थांमध्ये, नोकऱ्यांमध्ये, घरांमध्ये सगळ्या समाजांना किती जागा आहे, हे मोजून त्यावर प्रोत्साहन द्यायचं. २००८मध्ये अमिताभ कुंडू यांच्या तज्ज्ञ गटाने तो निर्देशांक कसा काढायचा तेही सांगितलं. पुढे तोही फायलीत गेला.

१९७८चा सामाजिक अहवाल आणि २००६चा विविधता निर्देशांक. एकाच माणसाच्या अध्यक्षतेखालच्या दोन समित्या, दोन्हींचा आग्रह एकच : मोजा, आणि लोकांना दाखवा. दोन्ही बाजूला ठेवून आपण टक्केवारी घेतली.

अलीकडे थोडी हालचाल आहे. सेबीने २०२२-२३पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. त्यात कामावरचे मृत्यू, पाणी, प्रदूषण, तक्रारी, महिला आणि दिव्यांग कर्मचारी यांचे आकडे द्यावे लागतात. ही चांगली सुरुवात आहे. पण तो अहवाल गुंतवणूकदारासाठी लिहिलेला असतो, बहुतेकदा इंग्रजीत, सगळ्या कंपनीचा मिळून. शहाडच्या माणसाला त्यात शहाड सापडत नाही. कोणत्या समाजाला किती नोकऱ्या, हा प्रश्न तर त्यात नाहीच.

म्हणून देशपातळीवरच्या मोजणीची सुरुवात कारखान्याच्या गावापासून व्हावी असं मला वाटतं. प्रत्येक मोठ्या कारखान्याचं वर्षाचं एक पान, मराठीत, स्टेशनवर आणि पालिकेत लावलेलं. पहिली ओळ थकलेल्या देण्यांची, कायम कामगारांची आणि कंत्राटी कामगारांची वेगवेगळी. दुसरी अपघातांची आणि व्यावसायिक आजारांची. तिसरी हवेत आणि नदीत काय सोडलं त्याची. चौथी आसपासच्या वस्त्यांतल्या, सगळ्या जातीधर्मांच्या किती मुलामुलींना नोकरी दिली त्याची. सीएसआरचे दोन टक्के पाचव्या ओळीत. आणि खाली मत कंपनीचं नसावं, कोतवाल-कोठारी-मावळंकरांसारख्या बाहेरच्या माणसांचं असावं. अशा पानांची बेरीज म्हणजे देशाची कामगिरी. कारखाना बंद पडला तरी पहिली ओळ कोरी होईपर्यंत पान लागत राहिलं पाहिजे, म्हणजे एनआरसीसारखी जागा हिशेबातून गायब होणार नाही.

विठ्ठलाच्या देवळात जाणाऱ्याची श्रद्धा खरी आहे, कारखान्याच्या शाळेत शिकलेल्याची कृतज्ञताही खरी आहे. ती कुणाकडून काढून घ्यायचं कारण नाही. पण कृतज्ञ माणसालाही हिशेब विचारण्याचा हक्क असतो. दानाची पाटी कारखान्याच्या दारात लागते. देण्याची पाटी अजून कुठेच लागलेली नाही. ती लागेपर्यंत 'देशाने सामाजिक जबाबदारीत इतके हजार कोटी खर्च केले' ही बातमी वाचताना आपण एवढंच विचारत राहावं : आणि देणं किती बाकी आहे?